झटका किती मिलिमीटरवर येतो?



लेझरने धातूवर कोरणारं एक यंत्र आमच्याकडे दुरुस्तीला आलं होतं. कोरलेल्या भागात दर 16 मिलिमीटरवर गडद पट्टा दिसायचा. लेझरचे ठिपके ठराविक वेळाने पडतात. गाडी जिथे मंदावते तिथे ते दाटतात आणि पट्टा उमटतो. म्हणजे लिनिअर मोटरचा जोर एकसारखा नव्हता. यालाच आपण थ्रस्ट रिपल म्हणतो.

मी काय केलं? ड्राइव्हचा गेन वाढवला. पट्टे थोडे फिके झाले, पण मोटर शिट्टी वाजवू लागली. दोन दिवस त्यातच गेले. 16 हा आकडा डोळ्यांसमोर होता, पण त्याचा अर्थ मी लावलाच नाही.

रुळावर चुंबकं होती: उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. एका ध्रुवापासून पुढच्या ध्रुवापर्यंतचं अंतर 16 मिलिमीटरच होतं!

तिसऱ्या दिवशी मोटरच्या वायरी सोडवल्या, मध्ये लोडसेल लावला आणि स्क्रूने गाडी हळूहळू ढकलली. करंट शून्य, तरीही बल दर 16 मिलिमीटरला वरखाली होत होतं. दोष ड्राइव्हचा नव्हताच.

गोल मोटर कापून सरळ पसरली की लिनिअर मोटर होते. पण गोलाला टोक नसतं, सरळ पट्टीला दोन असतात. गाडीतल्या लोखंडाची ही टोकं प्रत्येक ध्रुवापाशी ओढ खातात. दातांची ओढ वेगळी. आमच्या मोटरमध्ये 8 ध्रुवांसमोर 9 दात होते. त्यांचे झटके वेगवेगळ्या जागी येतात आणि बरेचसे आपसात विरतात. टोकांचं तसं होत नाही.

उपाय लांबीत होता. दोन्ही टोकांना लोखंडी पत्र्यांचे तुकडे जोडले आणि लांबी अशी जुळवली, की पुढचं टोक पुढे ओढतं तेव्हा मागचं मागे ओढेल. उरलेला रिपल मोजून त्याचा तक्ता ड्राइव्हमध्ये भरला. गाडीची जागा पाहून ड्राइव्ह तेवढा करंट आधीच देतो. मग गेन खाली आणला. शिट्टी थांबली, पट्टेही दिसेनासे झाले.

चुंबकं तिरकी बसवूनही रिपल कमी होतो, पण जोरही थोडा घटतो. बिनलोखंडी मोटरमध्ये ही ओढ नसतेच, पण तेवढ्याच आकारात जोर कमी मिळतो.

करंट दिल्यावरच येणारा रिपल वेगळा. आमच्या मोटरच्या मापात, दर 32 मिलिमीटरला, म्हणजे ध्रुवांच्या जोडीमागे एकदा, झटका आला तर करंट सेन्सरचा ऑफसेट तपासा. जोडीमागे सहा वेळा आला आणि भाराबरोबर वाढला, तर बॅक ईएमएफ शुद्ध साइन आहे का ते पाहा.

म्हणून गेनला हात लावण्याआधी एक करा: झटका किती मिलिमीटरवर येतो ते मोजा. कारण बहुतेक वेळा त्या आकड्यातच सापडतं.