मांजरेचा गाळ
(महोत्सवी मेळाव्यात, हैदराबाद येथे केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी गाळावर बोलणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांची मूळ गावे बीड, लातूर, धाराशिवकडची आहेत, आणि तिकडची मातीही आपल्यासारखीच तेलंगणात येऊन राहिली आहे. तिला आणले मांजरा नदीने.

मांजरा पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि लातूर, बीदर, मेदक असा फेरा घेऊन कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. वाटेत निजामसागर लागतो. नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली हे धरण १९२३ ते १९३१ या काळात बांधले गेले. त्याच्या पाण्याने निजामाबादकडे भातशेती व ऊस फुलला.

आता गाळ कसा बसतो ते पाहू. पुराच्या पाण्यात वाळू तळाशी लोळत, उड्या मारीत जाते. चिकणमाती मात्र पाण्यातच तरंगत असते. पुढे धरणाचे पाणी लागताच नदीचा वेग मोडतो. वाळूचा बारीक कण संथ पाण्यात एक मीटर खाली जाण्यास काही मिनिटेच घेतो, म्हणून वाळू जलाशयाच्या तोंडाशीच साचते. चिकणमातीच्या दोन मायक्रॉनच्या कणास तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात! तो पार भिंतीपर्यंत पोहोचतो. गाळ केवळ तळाच्या राखीव जागेत बसेल ही समजूत म्हणूनच फसली. निजामसागराची मूळ साठवण सुमारे ८४ कोटी घनमीटर. १९७० च्या दशकापर्यंत तिच्यातील निम्म्याहून अधिक जागा गाळाने खाल्ली होती आणि पुढे पाण्याची पातळी वाढवून घ्यावी लागली. आज वरच्या अंगास धनेगाव व सिंगूर ही धरणे आहेत; गाळ तेथेही अडतोच.

शेवटच्या चारीवरच्या शेतकऱ्यास पाणी पुरेनासे होते, ही एक हानी. दुसरी थेट समुद्रकाठची आहे. धरणांत माती अडल्यामुळे गोदावरीच्या मुखाशी जाणारा गाळ निम्म्याहूनही कमी झाला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा जागोजागी खचतो आहे. वर जी माती नकोशी झाली, तिच्यावाचून खाली अडते आहे.

पण आम्हांस अधिक टोचते ती तिसरी हानी, कारण ती आपल्या दारची आहे. नदी नेते तो शेताचा वरचा, कसदार थर. अभियंत्याच्या वहीत त्याची नोंद 'साठवणीतील घट' अशी होते. फुटक्या बांधाच्या शेताची नोंद कोण ठेवतो? आपल्यापैकी कित्येकांची जमीन गावी वाट्याने दिलेली आहे, आणि वाटेकरी दुसऱ्याच्या बांधावर पैसा घालीत नाही. त्यास दोष देता येत नाही. बांध घालणे मालकाचे काम.

तेलंगणात २०१५ पासून तलाव उपसून गाळ शेतावर नेण्याची योजना निघाली, महाराष्ट्रातही २०१७ मध्ये तशीच निघाली. पूर्वी गावोगावचे शेतकरी उन्हाळ्यात गाड्या जुंपून हेच करीत. मात्र भारी काळ्या रानात गाळ ओतू नये, तेथे पाणी साचून राहते. मुरमाड, हलक्या जमिनीवर पातळ थर द्यावा. आधी मातीची तपासणी करून घ्यावी. आणि उताराला आडवे बांध पहिल्या पावसापूर्वी दुरुस्त झाले पाहिजेत, नाहीतर पसरलेला गाळ पुन्हा मांजरेच्या वाटेला लागेल.