परकी फ्लॉपी आणि घरचे यंत्र



पत्रिकेतील माझा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, जी फ्लॉपी जपानात विकणेसुद्धा सोनी कंपनीने २०११ साली सोडून दिले, तिच्याविषयी आता सांगण्यासारखे ते काय उरले आहे? परंतु अक्षर समोर आहे, शाबूत आहे आणि तरीही वाचता येत नाही, ही अवस्था आपल्याला नवी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल आठवा. भाषा मराठीच, पण बाळबोध शिकलेला माणूस तेथे थबकतो. फ्लॉपीचेही नेमके असेच होते.

साडेतीन इंची फ्लॉपीच्या प्लास्टिकच्या कवचात चुंबकीय लेप दिलेली एक पातळ चकती असते. तिच्या प्रत्येक बाजूवर ८० वर्तुळे कल्पिलेली असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. आयबीएमच्या वळणाचा संगणक जुन्या साध्या फ्लॉपीवर प्रत्येक ट्रॅकचे ९ भाग पाडीत असे. एका भागात ५१२ बाइट, म्हणजे ढोबळ मानाने ५१२ रोमन अक्षरे. एकूण भरतात ७२० किलोबाइट. आता १९८५ साली अमेरिकेत कमोडोर कंपनीने काढलेला अमिगा हा घरगुती संगणक पाहा. तो त्याच फ्लॉपीवर, त्याच ट्रॅकवर ११ भाग बसवितो. भरतात ८८० किलोबाइट. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते ती दोन्हीकडे सारखीच. एक आणि शून्य चुंबकाने उमटविण्याची मूळ रीतही एकच. मग हे दोन भाग जास्तीचे आले कोठून?

ते आले मोकळ्या जागेतून. आयबीएमच्या पद्धतीत प्रत्येक भाग सुटा लिहिता आला पाहिजे. मोटर किंचित मागेपुढे झाली तर शेजारच्या भागावर लिखाण चढू नये, म्हणून मध्ये बरीच जागा कोरी सोडावी लागते. अमिगा संपूर्ण ट्रॅक एका दमात लिहितो. जुन्या चिटणिशी मोडीत बोरू न उचलता ओळ ओढीत, तसेच हे! कोरी जागा एकदाच, शेवटी, सोडली म्हणजे झाले.

माझ्या मते या विषयातील खरी गंमत पुढे आहे. अमिगा आयबीएमची फ्लॉपी वाचू शकत असे. आयबीएमच्या घराण्यातील संगणक मात्र सामान्यपणे अमिगाची फ्लॉपी वाचू शकत नसे. घरी खेळण्यासाठी घेतलेल्या यंत्राला जे जमले ते कचेरीतल्या प्रतिष्ठित यंत्राला का जमू नये? कारण कचेरीतल्या यंत्रात फ्लॉपीपाशी एक काटेकोर कारकून बसविलेला होता. ही नियंत्रक चिप ठरलेल्या नमुन्याचा मथळा शोधते. तो सापडला तर मजकूर आत पाठविते, नाही तर ‘फ्लॉपी सदोष आहे’ असा शेरा मारून मोकळी होते. मजकूर जसाच्या तसा पुढे देण्याची तिला मुभाच नाही. जे मिनर यांच्या नेतृत्वाखाली घडविलेल्या अमिगातील ‘पॉला’ नावाची चिप याहून फार अडाणी आहे. आरंभाची एक खूण दिसली की समोरून जाणारे एक-शून्य ती उचलते आणि स्मृतीत नेऊन टाकते. अर्थ लावण्याचे काम प्रोग्रॅमचे. त्यातून ही आरंभाची खूण दोन्ही घराण्यांत एकच निघाली! तेव्हा परकी फ्लॉपी वाचण्यासाठी नवे यंत्र नको, नवा प्रोग्रॅम पुरे. असा ‘क्रॉसडॉस’ नावाचा प्रोग्रॅम १९९२ पासून अमिगाच्या स्वतःच्या प्रणालीबरोबरच मिळू लागला.

लिपी लागली म्हणजे सर्व साधले असे मात्र नाही. २५८ ही संख्या दोन बाइटांत लिहायची तर एक २५६ आणि वर दोन, म्हणून अमिगा ‘एक, दोन’ असे लिहितो. आयबीएमकडे धाकटा आधी, म्हणून ‘दोन, एक’. ही रीत न ओळखता वाचले तर २५८ चे ५१३ होतात आणि यंत्र भलत्याच जागी जाऊन पोहोचते. फायलीच्या नावाला तिकडे आठ अक्षरे, टिंब आणि तीन अक्षरे एवढीच जागा, इकडे तीस. ओळ संपल्याची खूणही तिकडे दुहेरी, इकडे एकेरी.

आणि काही ठिकाणी प्रोग्रॅमचेही हात टेकतात. १.४४ मेगाबाइटच्या दाट फ्लॉपीवरील मजकूर पॉलाला झेपेना, इतका वेगाने येई. तेव्हा फ्लॉपीच निम्म्या वेगाने, १५० फेऱ्यांनी, फिरविणारी मोटर बसविण्यात आली. ही युक्ती मला फार आवडते. मॅकिंटॉशची ८०० किलोबाइटची फ्लॉपी मात्र आतबाहेरच्या ट्रॅकांसाठी पाच निरनिराळ्या वेगांनी फिरते. तेथे मॅकिंटॉशचाच ड्राइव्ह जोडणे ओघाने आले.

हे सारे छंदिष्टांचे उद्योग वाटतील. पण चित्रकार अँडी वॉरहॉल याने १९८५ साली अमिगावर काढलेली चित्रे पिट्सबर्गच्या त्याच्या संग्रहालयात अनेक वर्षे फ्लॉप्यांतच पडून होती. ती बाहेर आली २०१४ साली, कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणक मंडळाच्या हातून. फ्लॉप्या वाचल्यावरही चित्रांच्या फायलींची घडण अनोळखी निघाली. तीही त्यांना उलगडावी लागली.

आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात कितीतरी मराठी पुस्तके संगणकावर जुळविली गेली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणसंकेत ठरलेला होता. तरी छपाईच्या फाँटांनी आपापले खासगी संकेत चालविले. अशी फ्लॉपी वाचली, फाइलही उघडली, तरी तो फाँट हाताशी नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. तो कचरा नव्हे, आपले मराठी आहे; ते फेकून देऊ नये.

आपल्या घरी अशा फ्लॉप्या असतील तर प्रथम कोपऱ्यातील सरकपट्टी सरकवून खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर चुकून काही लिहिले जाणार नाही. मग संपूर्ण फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल काढून घ्यावी आणि अर्थ लावण्याचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. पत्र्याचे झाकण हलकेच सरकवून आतली चकती उजेडात पाहावी. दमट हवेने तिच्यावर बुरशीचे पांढरे ठिपके आले असतील, तर साफ करून घेतल्याखेरीज ती ड्राइव्हमध्ये घालू नये. ती स्वतः खरवडते आणि ड्राइव्हचे डोके मळवून पुढच्या फ्लॉपीलाही धोक्यात आणते.