गूळ, साखर आणि ‘शुगर फ्री’
(स्नेहमेळाव्यात दुपारच्या जेवणाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘साखर आणि आरोग्य’ हा विषय दिला तेव्हा मी म्हटलं, यावर डॉक्टरांना बोलवा. ते म्हणाले, डॉक्टरांचं आम्ही रोजच ऐकतो. तू जन्मभर साखर केलीस, तू बोल. खरं आहे. ३३ वर्षं मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. ब्रिक्स, पोल आणि रिकव्हरी, यापलीकडे मला फारसं येत नाही. गेली ९ वर्षं मधुमेहाची गोळीही चालू आहे. औषधाचा सल्ला मी देणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांचा. मी फक्त प्रयोगशाळेतल्या माणसाचा हिशेब मांडतो.

या मेळाव्याच्या निमित्ताने बऱ्याच जणांशी फोनवर बोलणं झालं. त्यातल्या सात-आठ जणांनी अभिमानाने सांगितलं, ‘साखर बंद केली गड्या, आता गुळाचा चहा.’ हायवेला तर दर दोन मैलांवर गुळाच्या चहाची पाटी आहे. म्हणून सुरुवात गुळापासूनच करतो.

आपली पांढरी साखर म्हणजे जवळजवळ ९९.८ टक्के सुक्रोज. गुळात सुक्रोज साधारण ७० ते ८५ टक्के. उरलेल्यातला बराचसा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणजे पुन्हा साखरच. मग थोडं पाणी आणि थोडी खनिजं. कारखान्यात आम्ही जी मळी वेगळी काढतो, ती गुऱ्हाळात गुळातच राहते. फरक म्हणाल तर मुख्यतः एवढाच. पोटात गेल्यावर सुक्रोजचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ग्लुकोज रक्तात उतरतं, फ्रुक्टोज बहुतेक यकृताकडे जातं आणि जास्त झालं की त्याची चरबी होते. आपण काहिलीतून आलो की पॅनमधून, हे त्या रेणूला ठाऊक नसतं. गुळात लोह आहे हे खरं, पण पुरेसं लोह मिळेल इतका गूळ खाल्ला तर लोहाआधी साखरच चढेल. त्यापेक्षा मेथी खा, राजगिरा खा. आणि एक जाता जाता : पिवळाधमक गूळ दिसला की भुलू नका. तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस टाकून आणलेला असतो. भेंडीच्या रसाने मळ काढलेला गूळ तांबूस-काळपटच असतो.

हे मी चवीचं बोलत नाही. पुरणपोळी गुळाचीच, यात दुमत नाही. पण आपल्यातल्याच एका मित्राने साखर सोडून गूळ धरला, आता पथ्य झालं म्हणून निश्चिंत झाला आणि दोन वर्षं रक्त तपासलंच नाही. पायाला जखम झाली तेव्हा ती कळलीसुद्धा नाही, कारण पायाची संवेदनाच गेली होती. गेल्या पावसाळ्यात अंगठा काढावा लागला. तो आज समोर बसला आहे आणि ‘सांग, माझं सांग’ असं त्यानेच मला बजावलंय.

आता किती साखर चालते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, आणि यात गूळ, मध, काकवी, फळांचा रस सगळं आलं, दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी बरं. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम. आपल्याकडे चहात दोन चमचे सर्रास. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर पाच चहात ५० ग्रॅम संपले. पेढा, शिरा, बिस्किट अजून यायचंच आहे. उसाच्या रसाचा ब्रिक्स मी हजारो वेळा पाहिलाय. बर्फ वजा करूनही एका ग्लासात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि पातळ असल्यामुळे ती लगेच रक्तात चढते. आपल्या घरात तर साखर विकत आणायचीही पंचाईत नाही. दिवाळीला सभासदाची सवलतीची साखर पोत्याने येते. आलेली साखर संपवावी लागते, आणि ती संपते.

कुणी म्हणेल, आमचे आजोबा मूठभर गूळ खाऊन पाणी प्यायचे, त्यांना काही झालं नाही. आजोबा दिवसभर मोटेमागे चालायचे. आजही ऊस तोडणाऱ्या टोळीतल्या माणसाला गोड जड जात नाही. आपण मात्र बांधावर मोटारसायकलने जातो. त्यात आपली शरीराची ठेवणही वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा ‘मी बारीक आहे, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांनी हा फोटो जरूर पाहावा. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत ते साडेतेरा कोटी वेगळेच. हे सगळं एकट्या साखरेमुळे झालं असं मी म्हणत नाही. भात, मैदा, बैठं काम, घराण्यातला वारसा, सगळं त्यात आहे.

आता ‘शुगर फ्री’कडे येतो. यातल्या सुक्रालोजची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस नावाचे संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचं काम करत होते. प्राध्यापकांनी पदार्थ ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितला. फडणीसांनी ‘टेस्ट’ म्हणजे चव असं ऐकलं आणि जिभेवर ठेवला! साखरेच्या ६०० पट गोड निघाला. आमच्या शास्त्राच्या बाईंनी प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही असं बजावलं होतं, ते बरंच होतं म्हणायचं.

ही गोडी देणारी द्रव्यं विष नाहीत. अ‍ॅस्पार्टेम २०२३ मध्ये ‘कर्करोगाला कदाचित कारण ठरू शकेल’ अशा यादीत गेलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हाहाकार झाला. पण त्याच वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्याच दुसऱ्या समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली : दर किलो वजनाला दिवसाला ४० मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम झाले, आणि चहाच्या एका गोळीत ते वीसेक मिलिग्रॅम असतं. तरीही त्याच वर्षी संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्यांवर विसंबू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हेही त्यात लिहिलंय. माझं मत विचाराल तर गोळीने चहातली साखर जाते, पण जिभेची ओढ तशीच राहते. मग माणूस ‘शुगर फ्री’ बिस्किटाचा अख्खा पुडा संपवतो आणि आतला मैदा विसरतो. मी दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेलो. दोन महिन्यांत चहाला चहाची चव आली. गोळी वापरणारच असाल तर अ‍ॅस्पार्टेमची गोळी चहाबरोबर उकळू नका, तिची गोडी जाते. ती कपात टाका.

‘कारखान्याचं मीठ खाऊन साखरेविरुद्ध बोलतोस का?’ असं एकाने काल विचारलंच. अरे, उसाला आता इथेनॉलचा रस्ता आहे. शेतकरी काही तुझ्या-माझ्या दोन चमच्यांवर जगत नाही.

शेवटी एक कामाची सूचना. जेवणाला आज उशीर होणार असं दिसतंय. ज्यांनी सकाळी इन्सुलिन किंवा गोळी घेतली आहे त्यांना घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर रक्तातली साखर उतरली असं समजा. तेव्हा ‘शुगर फ्री’ची गोळी काही कामाची नाही. तिथे खरी साखरच लागते, तीन चमचे पाण्यात विरघळवून लगेच, आणि मागोमाग काहीतरी खायला. चहाच्या टेबलावर मी साखरेचा डबा आणि पाण्याचा तांब्या मुद्दाम ठेवून घेतलाय. मागायला कुणी लाजू नका.