बुद्धीची परीक्षा की परिस्थितीची?

(कुंभार पिंपळगाव, जि. जालना येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला की गावात दोन याद्या तयार होतात. एक शाळेच्या फळ्यावर लागते. तिच्यात पात्र ठरलेल्या मुलांची नावे असतात. दुसरी कोठेच लिहिली जात नाही, पण सर्वांना पाठ असते. ती 'ढ' मुलांची यादी. या दुसऱ्या यादीविषयी मला आज बोलावयाचे आहे. तिच्यात बहुधा कोणाची मुले असतात हे आपण जाणतो, आणि जाणूनही ती निसर्गानेच केली आहे असे मानून गप्प बसतो.

या परीक्षेचे एकूण गुण ३००. त्यांपैकी १०० गुण 'बुद्धिमत्ता चाचणी' या नावाच्या भागाला आहेत. गणितात कमी गुण मिळाले तर मुलाला गणित आले नाही असे आपण म्हणतो. या भागात कमी मिळाले तर मुलाला बुद्धीच नाही असा अर्थ निघतो. नाव ठेवतानाच निवाडा देऊन टाकला आहे!

ही चाचणी ज्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत येते तिच्यात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. प्रश्न कसले? संख्यांच्या मालिका, विसंगत पद, सांकेतिक भाषा, घड्याळाची आरशातील प्रतिमा. ज्या मुलाने मार्गदर्शक पुस्तकातून अशा शेकडो घड्याळांचा सराव केला आहे, त्याला उत्तर शोधावे लागत नाही, आठवावे लागते. ज्याच्या घरी काट्यांचे घड्याळच नाही, त्याला आधी घड्याळ समजून घ्यावे लागते, मग आरसा आणि मग प्रश्न. खरे पाहता अधिक विचार दुसराच करीत असतो. गुण मात्र पहिल्याला. शहरोशहरी या विषयाचे शिकवणी वर्ग चालतात. पैसे भरून आणि सराव करून जी वाढते, तिला जन्मजात बुद्धी कसे म्हणावयाचे?

या चाचण्यांचा आरंभ वेगळ्या हेतूने झाला होता. आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०५ साली तेओडोर सिमों याच्या साह्याने पहिली श्रेणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना अधिक मदत देता यावी म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि कधी न वाढणारी राशी आहे, हे मत त्याने स्पष्टपणे नाकारले होते. १९११ मध्ये तो वारला आणि त्याचे साधन उलट कामाला जुंपले गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची अशी परीक्षा घेतली. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगॅम याने १९२३ साली, दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी प्रतीचे, असा सिद्धान्त मांडला. वास्तविक त्याच्याच आकड्यांत दिसत होते की नुकत्याच आलेल्यांचे गुण कमी आहेत आणि वीस वर्षे अमेरिकेत राहिलेले तेथील लोकांच्या बरोबरीला आले आहेत. चाचणी बुद्धी नव्हे, तर अमेरिकेचा परिचय मोजीत होती. १९३० मध्ये ब्रिगॅमने आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. पुढे १९८४ साली जेम्स फ्लिन याने दाखवून दिले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे सरासरी गुण सुमारे १४ अंकांनी वाढले. शेहेचाळीस वर्षांत रक्त बदलत नाही. शाळा, आहार आणि राहणी बदलते.

आपल्याकडील अभ्यासकांना ही अडचण ठाऊक होती. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे बिनेची श्रेणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधली. त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. १९६९ मध्ये नागपूरहून डॉ. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची श्रेणी आली. मधल्या काळात, १९५५ साली, सी. एम. भाटिया यांनी वाचता न येणाऱ्यांनाही देता येतील अशा ठोकळ्यांच्या व आकृत्यांच्या चाचण्या सिद्ध केल्या. तरीही साक्षर आणि निरक्षर मुलांसाठी त्यांना वेगवेगळी प्रमाणके द्यावी लागली. अक्षर काढून टाकले तरी शाळा चाचणीतून जात नाही! आणि या चाचण्या तर प्रशिक्षित माणसाने एकेका मुलाला समोर बसवून घ्यावयाच्या. हजारो मुलांना एकाच दिवशी एकच कागद देणाऱ्या स्पर्धेला तेवढाही विवेक नाही.

आता आपल्या तालुक्याकडे या. दसरा-दिवाळीनंतर घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या भागांतील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात, ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. आणि परीक्षा केव्हा? शिष्यवृत्तीची बहुधा फेब्रुवारीत, नवोदय प्रवेशाची डिसेंबर-जानेवारीत. आठवीतील गरीब मुलांसाठी केंद्र सरकारची जी शिष्यवृत्ती आहे, वर्षाला १२,००० रुपयांची, तिची परीक्षा अलीकडच्या वर्षांत डिसेंबरात होत आली आहे. गरिबांसाठी म्हणून घेतलेली परीक्षा, आणि सर्वांत गरीब मूल त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातील फडात कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेले! ते अनुत्तीर्ण झालेले नसते, ते परीक्षेला बसलेलेच नसते. तरी उन्हाळ्यात ते परत येते तेव्हा 'ढ' हा शिक्का त्याची वाट पाहत असतो.

मग परीक्षाच बंद करा, असे आपल्यातील काही तरुण मित्र म्हणतील. मी त्यांच्याशी सहमत नाही. परीक्षा गेली तर तिच्या जागी काय येईल? मुलाखत येईल, शिफारस येईल, पुढाऱ्याची चिठ्ठी येईल. आडनाव न पाहता तपासली जाणारी उत्तरपत्रिका ही गरिबाच्या मुलाला आजही त्या चिठ्ठीपेक्षा अधिक न्याय देते. भूमिहीनांची मुले या परीक्षांतून वर आली आहेत, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपला झगडा परीक्षेशी नाही. तिच्या आकड्याला जन्माचा दाखला मानण्याशी आहे.

या गावाच्या नावातच कुंभार आहे. कुंभार टिचकी मारून पारख करतो ती भाजलेल्या मडक्याची. आवाज बद्द आला तर तो मातीला शिव्या देत बसत नाही. आवा नीट पेटला होता की नाही, हे पाहतो. आपली शिक्षणव्यवस्था आव्याकडे पाहावयास तयार नाही. तिला पाहावयास लावणे हे आपले काम आहे.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. बाहेरगावी गेलेल्या मुलाला कारखान्याजवळच्या केंद्रावर परीक्षेला बसू द्या. हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्यापूर्वी सुरू करा, नंतर नव्हे. सरावाची पुस्तके व शिकवणी जिल्हा परिषदेच्या शाळेतच विनामूल्य मिळू द्या. आणि कमी गुण मिळालेल्या मुलांची यादी शाळेने ठेवावयाची असेल तर ती बिनेने ठेवली त्या हेतूने ठेवावी: कोणाला अधिक शिकवावयाचे, हे कळण्यासाठी.

मागणी करून थांबणे मात्र आपल्याला शोभणार नाही. या वर्षी टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील जाणाऱ्या मुलांची नोंद करावी, शाळेत जाऊन त्यांचे अर्ज भरले गेले की नाही हे पाहावे, आणि परीक्षेच्या दिवशी मूल केंद्रावर कसे पोहोचेल याची व्यवस्था आई-वडिलांशी बोलून ठरवावी. गावात एक यादी आधीच आहे. तिच्यासमोर ही आपली यादी उभी राहू द्या.