घरकुलाचा हप्ता : उपकार की हक्क?
(नाकाडोंगरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तुमसर तालुक्याच्या या टोकाला, मध्यप्रदेशच्या सीमेलगत, एकीकडे जंगल आणि दुसरीकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी, अशा पट्ट्यात नाकाडोंगरी वसलेली आहे. शंभरांहून अधिक वर्षे या भूमीच्या पोटातून खनिज निघत आले. प्रथम इंग्रजी भांडवलाने ते नेले, १९६२ नंतर सरकारी कंपनीने नेले. ज्या खनिजाशिवाय पोलाद होत नाही ते खनिज देणाऱ्या पट्ट्यातील मजुराला मात्र स्वतःच्या घरावर पक्के छप्पर मिळावे म्हणून पंचायत समितीचे उंबरठे झिजवावे लागतात. आजच्या विवेचनाचा विषय हा उंबरठाच आहे.

ग्रामीण भागात सरकारी खर्चाने घरे बांधून देण्याची कल्पना जुनी आहे. १९८५-८६ साली इंदिरा आवास योजना सुरू झाली. आरंभी ती अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगार यांच्यापुरती होती. २०१६ साली तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तिच्याखाली सपाट प्रदेशातील कुटुंबाला १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. त्यातील ६० टक्के केंद्राचे व ४० टक्के राज्याचे. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह २६९ चौरस फुटांचे. याखेरीज अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि २०२३ पासून इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास, अशा राज्याच्या योजना आहेत. योजनांच्या नावांची वाण नाही. वाण आहे ती वेळेवर मिळणाऱ्या पैशाची.

हा पैसा कसा मिळतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण अन्यायाचे मूळ योजनेच्या रकमेइतकेच तिच्या रीतीत आहे. महाराष्ट्रात १ लाख २० हजारांची विभागणी चार हप्त्यांत होत आली : मंजुरीनंतर १५ हजार, जोते झाल्यावर ७० हजार, भिंती वर चढल्यावर ३० हजार आणि काम पुरे झाल्यावर ५ हजार. प्रत्येक टप्प्यावर पंचायत समितीच्या कंत्राटी अभियंत्याने जागेवर येऊन मोबाइलवर छायाचित्र घ्यायचे, ते संगणकप्रणालीत चढवायचे, वरून मान्यता यायची आणि मग रक्कम थेट बँक खात्यात जमा व्हायची. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. मधला दलाल गेला, पैसा थेट गरिबाच्या हाती पडला, असे तिचे समर्थन केले जाते आणि त्यात तथ्यही आहे. पूर्वीच्या रोख वाटपातील गळती ज्यांनी पाहिली, ते थेट खात्याची रीत मोडा असे म्हणणार नाहीत.

परंतु प्रश्न असा की, पाया खणून, दगड, वाळू, सिमेंट आणून, गवंड्याची मजुरी देऊन जोते बांधण्याचे काम १५ हजारांत होते काय? होत नाही, हे गवंडीही सांगेल आणि अभियंताही सांगेल. म्हणजे ७० हजारांचा हप्ता मिळवायचा तर आधी स्वतःजवळचा पैसा घालणे भाग. ज्याच्याजवळ तो असता त्याचे नाव यादीतच आले नसते. मग तो दुकानदाराकडून उधारीवर सिमेंट उचलतो, बचत गटाचे वा सावकाराचे कर्ज काढतो, धान निघायच्या आधीच त्यावर उचल घेतो. सरकारचा हप्ता उशिरा आला की व्याज मात्र वेळेवर चढते. जुने कवेलूचे घर त्याच जागी असेल तर ते पाडल्याविना नवा पाया घालता येत नाही. मग कुटुंब ताडपत्रीखाली राहते. मृगाआधी हप्ता आला नाही तर पावसाळा तिथेच काढावा लागतो. मंजुरीपासून बारा महिन्यांत घर पुरे करावे अशी अपेक्षा लाभार्थ्यापुढे ठेवलेली आहे. पहिला हप्ता मंजुरीच्या आदेशानंतर सात कामाच्या दिवसांत द्यावा असा दंडक शासनानेही स्वतःला घालून घेतला आहे. मात्र कुटुंब चुकले तर त्याला नोटीस येते आणि शासन चुकले तर कुटुंबाला भरपाई मिळत नाही. ही समान माणसांमधली देवघेव नव्हे, हे धनी-कुळाचे नाते आहे.

राज्य शासनाने २०२५ साली अनुदानात ५० हजारांची भर घातली, तिच्यातील १५ हजार छपरावरील सौर संचाशी जोडले. घरकुलाला पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याचेही धोरण जाहीर झाले. या गोष्टींचे स्वागत केलेच पाहिजे. तथापि वैनगंगा व बावनथडीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही की, वाळू फुकट असली तरी ती वाहून आणणारा ट्रॅक्टर फुकट नसतो.

आता यादीबाहेरच्यांकडे पाहू. ज्याच्या नावावर जागा नाही त्याला घरकुल नाही. जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे, पण गावठाणात विकायला जागाच नसेल तर साहाय्य घेऊन माणूस जाणार कोठे? या भागात गावाची वेस संपते तेथे वनखात्याची हद्द सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्यांच्या घराखालची जमीन कागदोपत्री जंगल ठरते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या वहिवाटीला मान्यता देण्याची वाट मोकळी केली. तिचा उपयोग शेताप्रमाणे घरासाठीही करता येतो, हे किती वस्त्यांना ठाऊक आहे?

आणि भाडेकरू? खाणीत कंत्राटदाराकडे राबणारा, एका खोलीत भाड्याने राहणारा मजूर या सर्व योजनांच्या हिशेबात कोठेच बसत नाही. महाराष्ट्राने १९८३ साली कामगारांना किमान घरभाडे भत्ता देण्याचा कायदा केला. पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांत वेतनाच्या ५ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी जे अधिक ते द्यावे असे त्याने ठरविले. तत्त्व उत्तम होते. पण १५ हजार कमावणाऱ्याच्या पदरात ५ टक्क्यांनी ७५० रुपये पडतात, आणि हजेरीपटावर नावच नसलेल्याच्या पदरात तेवढेही नाहीत.

याच पट्ट्याशी निगडित एक इतिहास आहे, तो विसरता कामा नये. १९७६ साली लोह व मँगनीज खनिजांवर उपकर बसवून खाण कामगारांचा कल्याण निधी उभारण्यात आला. विडी कामगारांसाठीही त्याच वर्षी तसाच निधी झाला. त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीचे साहाय्य मिळे. २०१६ च्या सुधारित योजनेत हे साहाय्य दीड लाख रुपये होते आणि पहिलाच हप्ता २५ टक्के, म्हणजे ३७,५०० रुपयांचा होता. श्रमाने निघालेल्या संपत्तीचा एक अंश श्रमिकाच्या घरासाठी राखून ठेवायचा, ही त्यामागची कल्पना. परंतु खनिजावरचा तो उपकर २०१६ साली रद्द झाला, विडीवरचा २०१७ साली वस्तू व सेवा कराबरोबर गेला आणि घरांची योजना पुढे सर्वसाधारण आवास योजनेत विलीन करण्यात आली. उद्योगावरचा बोजा हलका झाला. कामगार मात्र हक्काच्या निधीतून निघून सरकारी यादीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

हक्क आणि योजना यांतील भेद महाराष्ट्राला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळातील कामे ही योजना होती. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा काम मागणे हा हक्क झाला आणि काम न दिल्यास भत्ता देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. मुंबईत मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे गोरेगाव-दिंडोशीला हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी केली. त्या लढ्यातील पहिली मागणी अनुदानाची नव्हती, जमिनीची होती.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिला हप्ता जोते पुरे होईल इतका हवा. छायाचित्र चढविल्यापासून ठराविक दिवसांत पुढला हप्ता न आल्यास व्याजासह भरपाई हवी. नाव वगळल्याचे कारण लेखी मिळावे आणि त्यावर अपिलाची सोय असावी. यादी ग्रामसभेत वाचून दाखविली जावी. भूमिहीनांसाठी गावठाणाचा विस्तार व्हावा. भाडेकरू मजुराच्या भत्त्याला आजच्या भाड्याचे परिमाण लावावे.

मात्र मागण्यांचे पत्रक काढून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. प्रत्येक वस्तीत एक साधी वही ठेवावी. मंजुरी कधी, छायाचित्र कधी, हप्ता कधी, कर्ज किती, एवढेच त्यात लिहावे. तहसील कचेरीवर नुसत्या घोषणा घेऊन गेलेला मोर्चा परत पाठविता येतो, तारखांची वही घेऊन गेलेल्या मोर्च्याला उत्तर द्यावेच लागते. येत्या पावसाळ्यात ताडपत्रीखाली किती कुटुंबे राहतील याचा आकडा शासनाजवळ नसेल, तर तो नाकाडोंगरीच्या कार्यकर्त्यांजवळ असला पाहिजे.