जहाजाच्या खिडकीतून आकाश

(गिरगावातील एका कार्यक्रमात तरुण आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी विज्ञानाचा पदवीधर नाही. कला शाखेत शिकलो, पुढे पत्रकारितेत आलो. दुर्बिणीच्या आरशावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, घडत आलेला एक आरसा माझ्या हातून बिघडला होता. त्याकडे मी येणारच आहे. पण आधी एका मठवासी साधकाची हकिकत ऐका.

स्वामी विवेकानंदांनी १९०० साली सॅन फ्रान्सिस्को येथे वेदान्त सोसायटीची स्थापना केली. तिच्या मठात १९४४ मध्ये जॉन डॉब्सन नावाचा रसायनशास्त्राचा पदवीधर तरुण दाखल झाला. प्रमुख स्वामी अशोकानंद यांनी त्याच्यावर खगोलशास्त्र आणि वेदान्त यांचा मेळ घालण्याचे काम सोपविले. विश्वाविषयी विचार करायचा तर ते डोळ्यांनी पाहावे, असे डॉब्सनला वाटू लागले. पण मठवासीयाजवळ पैसा कुठला? १९५६ मध्ये त्याने मोडीत निघालेल्या जहाजाच्या गोल खिडकीची, म्हणजे पोर्टहोलची, बारा इंची काच मिळविली आणि ती हाताने घासून आरसा केला. त्यातून चंद्र पाहिल्यावर हे दृश्य प्रत्येकाने पाहिले पाहिजे, या ध्यासाने त्याला पछाडले. पुढे सॅक्रॅमेंटोच्या मठात असताना तो रात्री दुर्बीण ढकलत वस्तीत नेई आणि मुलांना आकाश दाखवी. पत्रव्यवहारात दुर्बिणीला ‘जिरेनियम’ हे फुलझाडाचे सांकेतिक नाव असे! मठाच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते. तेवीस वर्षांनंतर, १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मला यात मठाचा दोष दिसत नाही. शिस्तीवाचून संस्था चालत नाही. पण डॉब्सनचेही चुकले असे म्हणवत नाही. पुढच्याच वर्षापासून पदपथावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना ग्रह-तारे दाखविणाऱ्यांची संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी तो गेला. आज जगभर प्लायवूडच्या साध्या खोक्यावर फिरणाऱ्या दुर्बिणी त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

आरशाची जाडी व्यासाच्या निदान एक षष्ठांश हवी, असा त्या काळचा दंडक होता. बारा इंची आरशाला दोन इंच जाडीची काच हवी आणि ती महाग. त्याहून पातळ काचही नीट आधार दिल्यास चालते, हे डॉब्सनने दाखविले आणि मोठा आरसा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

हे घडते कसे? दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे घासत, थोडी थोडी वळवत, आपण पिंपाभोवती फिरत राहायचे. वरची मध्यभागी झिजून खोलगट होते, खालची फुगीर. सर्व दिशांना सरकवूनही दोन्ही पृष्ठभाग सर्वत्र टेकून राहतात, कारण आकार आपोआप गोलाचा भाग बनत जातो. बारा इंची आरशाचे नाभीय अंतर सहा फूट ठेवले, तर मधली खोली किती? अवघी एक सूत! हे सूत गाठायला जाड पूड. मग बारीक, त्याहून बारीक. शेवटी डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साइडने चकाकी.

खरी परीक्षा त्यानंतर. फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शोधलेल्या चाचणीला बारीक छिद्रातला दिवा आणि दाढीचे पाते पुरते. पात्याने परतणारा प्रकाश कापला की आरशावरचे उंचवटे आणि खळगे सावल्यांसारखे दिसतात. काचेवर अंगठा काही क्षण टेकवा. त्या उबेने फुगलेली टेकडी त्यात स्पष्ट दिसते. गोलाकारातून अन्वस्ताकार, म्हणजे पॅराबोला, साधताना मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याचा हिशेब असतो. तो हातानेच साधायचा.

आता आपल्या मुंबईकडे वळू. लालबाग-परळच्या पूर्वेला, रे रोडजवळ दारुखाना आहे. तिथे जहाजे मोडली जात. आता ते काम बव्हंशी गुजरातेत अलंगला गेले. जहाजांच्या पितळी खिडक्या चोरबाजारात दिसतात, पण घेताना सावध असा. काच टफन्ड असेल तर ती आरशाला निरुपयोगी. घासताना तिच्यातला ताण मोकळा होऊन आकार बिघडतो. पोलरॉइडच्या दोन काचांमध्ये धरून ताण ओळखता येतो. ज्यांना नवी काच घेऊन शिकायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आयुका’ने आरसे घासण्याच्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

आमचा आरसा सहा इंची होता. १९८६, हॅलेच्या धूमकेतूचे वर्ष. शेजारचे काका गिरणीत फिटर. १९८२च्या संपानंतर घरीच होते. त्यांच्या हाताला काम हवे होते, मला धूमकेतू. खोलीत पिंप उभे करून आम्ही दोन महिने घासत होतो. चारशे नंबरच्या पुडीवर असताना मी हात न धुता काच धरली. जाड पुडीचा एक कण आत गेला आणि काचेवर आरपार ओरखडा उठला. काका रागावले नाहीत. ‘‘अरे, दोनशेवीसवर परत जाऊ,’’ एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून प्रत्येक नंबरला पिंपावरचे वर्तमानपत्र बदलायचे, असा त्यांनी नियम केला. वर्तमानपत्राचा इतका चोख उपयोग पुढे पत्रकारितेतही माझ्या पाहण्यात आला नाही.

धूमकेतू निघून गेला, आरसा नंतर झाला. शनीचे कडे मात्र गच्चीवरून दिसले. चाळीतली माणसे रांग लावून आली आणि काका प्रत्येकाला सांगत होते, ‘‘डोळा टेकवा, दुर्बिणीला हात लावू नका.’’

जागेची अडचण अनेक जण सांगतात. पिंपाभोवती फिरायला चारी बाजूंनी दोन-दोन फूट पुरतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती जागा रात्री जेवणे उरकल्यावर, पाट उभे करून ठेवले की निघत असे.