सुरक्षा परिषद आणि हैदराबादचा प्रश्न

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर कोठें आणि फ्रान्सची राजधानी पॅरिस कोठें! परंतु १९४८ च्या सप्टेंबरांत जिंतूरसह साऱ्या मराठवाड्याचा प्रश्न पॅरिसमध्यें भरलेल्या सुरक्षा परिषदेपुढें आला होता.

हैदराबाद संस्थान व भारत यांच्यामध्यें २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे-थे करार झाला. पुढें रझाकारांचा जुलूम वाढला, वाटाघाटी फिसकटल्या, आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजीं निजाम सरकारनें संयुक्त राष्ट्रसंघाकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या. परिषदेनें तक्रार विचारास घेतली ती १६ तारखेस; दुसऱ्याच दिवशीं निजामानें युद्धबंदी जाहीर केली आणि थोड्याच दिवसांत तक्रार मागें घेत असल्याचें कळविलें. परिषदेनें निवाडा असा दिलाच नाहीं.

सभासद राष्ट्राच्या अंतर्गत कारभारांत ढवळाढवळ करूं नये, असें राष्ट्रसंघाच्या सनदेचें दुसरें कलम सांगतें. हैदराबाद हें स्वतंत्र राष्ट्र होतें काय, हाच मुळीं वाद होता. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार व हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग बोलले; परंतु रयतेतर्फे कोण बोलणार? तिचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ तक्रार झाली तेव्हां निजामाच्या तुरुंगांत होते. कारवाईनंतर ज्या निरपराध मुसलमान कुटुंबांवर आपत्ति कोसळली, त्यांच्या चौकशीसाठींही परिषदेचें कोणी आलें नाहीं. तें काम भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या समितीवर सोंपविलें. सनदेचा दरवाजा सरकारांना उघडतो, माणसांना नव्हे. ही त्या संस्थेची खरी मर्यादा.

म्हणून ती निरुपयोगी मात्र नव्हे. देवीच्या रोगाविरुद्ध जागतिक आरोग्य संघटना व निरनिराळीं सरकारें एकदिलानें झटलीं. भारतांत त्या रोगाचा शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्यें आढळला, आणि १९८० मध्यें सारें जग देवीमुक्त झाल्याचें जाहीर झालें. तेथें सरकारांना सार्वभौमत्वाची धास्ती नव्हती. येथें तिनेंच परिषदेचे हात बांधले.

आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? राष्ट्रसंघ हा पोहरा. आड म्हणजे राष्ट्रांची इच्छा. दुबळ्याची दाद जगाच्या दरबारीं लागावी असें वाटत असेल, तर ती आधीं घरच्या दरबारीं लागली पाहिजे.